मंडळीचं अर्पण यूपीआयवर घ्यायचं तर

प्रश्न थोडक्यात असा. अहिल्यानगर जिल्ह्यातली दीडशे कुटुंबांची मराठी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, आहे. तिच्याच पुढाकाराने उभी राहिलेली, पण वेगळी नोंदणी असलेली एक संस्था मुलींचं वसतिगृह चालवते. रविवारचं अर्पण, दशांश (कमाईचा दहावा भाग), इमारत निधी, वसतिगृहाची मदत, सगळंच सध्या खजिनदारांच्या मोबाइल नंबरवर येतं आणि महिन्याअखेरीस ते बँकेत भरलं जातं. आता मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिटीला हे रीतसर करायचं आहे. एकच क्यूआर दोघांना चालेल का? सगळ्यांना ८०जीची, म्हणजे दात्याला आयकरात सवलत देणारी पावती देता येईल का? आणि मस्कत, लंडनच्या नातेवाइकांनी पैसे पाठवले तर?

सुरुवात बंद करण्यापासून करा. खजिनदारांचा नंबर या रविवारपासून थांबवा. नवा क्यूआर यायला तीन आठवडे लागले तरी बिघडत नाही, अर्पणाची पिशवी आहेच. माणूस प्रामाणिक आहे, हे मान्यच. पण खातं त्यांच्या पॅनवरचं आहे, त्यामुळे त्यात जमा झालेली रक्कम प्रथमदर्शनी त्यांचीच धरली जाते आणि उद्या खुलासा मागितला तर तो त्यांच्या गळ्यात पडतो. उद्या त्यांचं काही बरंवाईट झालं तर मंडळीचे पैसे त्यांच्या वारसांकडे मागायची वेळ येईल. आजवर आलेल्या पैशांचा हिशोब आत्ताच करून घ्या: त्यांच्या खात्याचा उतारा काढायचा, मंडळीच्या रकमांवर खूण करायची, त्या बँकेत भरलेल्या रकमांशी जुळवायच्या, फरक लिहायचा आणि तो कागद सभेत मंजूर करून इतिवृत्ताला जोडायचा. खजिनदारांना यात अपमान वाटायचं कारण नाही. या कागदाने सर्वांत जास्त संरक्षण त्यांनाच मिळतं.

मग खातं. इथे बहुतेक ठिकाणी गाडी अडते, आणि कारण तंत्रज्ञान नसतं. स्थानिक मंडळी धर्मादाय आयुक्तांकडे स्वतंत्रपणे नोंदलेली आहे की मातृसंस्थेच्या नोंदणीखाली चालते, हे आधी कागदावर पाहा. मातृसंस्थेखाली असेल तर पॅन तिचा, आणि खातं उघडायला ठरावही तिचाच लागतो. बँक साधारणपणे न्यासाचं (ट्रस्टचं) पॅन, नोंदणी प्रमाणपत्र, घटना, परिशिष्ट १चा उतारा, खातं व क्यूआर घेण्याचा ठराव आणि विश्वस्तांची केवायसी मागते. यातला परिशिष्ट १चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेला धर्मादाय कार्यालयाचा उतारा दुखरा. विश्वस्त बदलले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५०च्या कलम २२प्रमाणे ९० दिवसांत फेरफार अर्ज करायचा असतो. पुष्कळ संस्थांचे असे अर्ज प्रलंबित असतात किंवा केलेलेच नसतात, आणि उताऱ्यावर प्रभूघरी गेलेल्या वडीलजनांची नावं तशीच असतात. बँक तीच नावं वाचते आणि फाइल बाजूला ठेवते. शिवाय २०२३च्या नियमबदलानंतर बँकांना ना-नफा संस्थांची नोंद नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर असल्याची खात्री करावी लागते. तेही आधीच उरकून घ्या.

क्यूआर घ्यायचा तो व्यापारी प्रकारचा, म्हणजे फक्त पैसे घेणारा. दोन सह्यांनी चालणारं खातं साध्या यूपीआय ॲपला सहसा जोडता येत नाही, आणि ते बरंच आहे, कारण एका माणसाच्या पिनवर न्यासाचे पैसे बाहेर जायलाच नकोत. अर्जात व्यवसायाचा वर्ग लिहावा लागतो. धार्मिक संस्थेसाठी ८६६१ आणि धर्मादाय व समाजसेवी संस्थेसाठी ८३९८ हे कोड आहेत. एजंट घाईत किराणा किंवा ‘इतर’ टाकून मोकळा होतो आणि पुढे व्यवहार अडले की ते शोधत बसावं लागतं. खात्यातून चालणाऱ्या साध्या यूपीआय व्यवहारावर जानेवारी २०२०पासून व्यापाऱ्याला शुल्क नाही. बँक दरमहा काही कापत असेल तर ते बहुधा साउंडबॉक्सचं, म्हणजे पैसे आल्याचं मोठ्याने सांगणाऱ्या यंत्राचं भाडं. मात्र दात्याने रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून पैसे दिले तर कपात होऊ शकते. ती सोय बंद ठेवता येते का, हे अर्जाच्या वेळीच विचारा.

साउंडबॉक्सबद्दल माझं मत विचाराल तर, कार्यालयात ठेवा, उपासनेच्या जागी नको. प्रार्थना चालू असताना ‘वीस रुपये प्राप्त झाले’ ऐकू येणं विचित्र वाटतंच, आणि त्यामागोमाग कुणाचे पाच हजार जाहीर झाले की वीसवाला पुढच्या रविवारी स्कॅन करत नाही. उजव्या हाताचं डाव्याला कळू नये असं आपण शिकवायचं आणि यंत्राने ते भोंग्यावर सांगायचं, हे काही बरं नाही.

आता एक क्यूआर की अनेक. मंडळी आणि वसतिगृहाची संस्था हे दोन वेगळे न्यास आहेत, म्हणून दोन खाती आणि दोन क्यूआर. यात तडजोड नाही. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात घेऊन ‘नंतर वळते करू’ म्हटलं की लेखापरीक्षणात ते उसने पैसे दिसतात, आणि खुलासा दोन्हीकडे द्यावा लागतो. मंडळीच्या आतही सर्वसाधारण अर्पण आणि इमारत निधी यांचे क्यूआर वेगळे ठेवा. बऱ्याच बँका एकाच व्यापारी नोंदणीखाली अनेक क्यूआर देतात आणि रिपोर्टमध्ये प्रत्येकाचा कोड वेगळा येतो. ‘दात्याने टिपणीत लिहावं’ या सूचनेवर विसंबू नका. काही ॲप व्यापारी क्यूआरला टिपणीची जागाच देत नाहीत, आणि दिली तरी ती रिपोर्टपर्यंत पोहोचेलच असं नाही. म्हणून क्यूआर घेण्याआधी बँकेकडून नमुना रिपोर्ट मागा. त्यात दात्याचं नाव दिसतं का, यूपीआय आयडी पूर्ण दिसतो की अर्धा झाकलेला, १२ आकडी संदर्भ क्रमांक आहे का, एक्सेलमध्ये उतरवता येतं का, हे बघून मगच सही करा. क्यूआर सगळ्यांचे सारखेच. खरी निवड रिपोर्ट पाहून करायची असते.

शिस्तीच्या मंडळीत चालणारी एक युक्ती आहे. रकमेतल्या रुपयांनंतरच्या पैशांचा उपयोग खुणेसाठी करायचा. ५००.०१ म्हणजे दशांश, ५००.०२ म्हणजे उपकारस्तुतीचं (देवाचे आभार म्हणून दिलेलं) अर्पण, ५००.०३ म्हणजे कापणीचा सण. यूपीआय रुपयांखालचे पैसेही स्वीकारतं आणि आकडा कुठलंही ॲप खात नाही. अर्धे लोक विसरतील, पण उरलेल्या अर्ध्यांची वर्गवारी आपोआप होते. मात्र सणातल्या लिलावाचे, सभागृहाच्या भाड्याचे किंवा पुस्तकविक्रीचे पैसे या क्यूआरवर घेऊ नका. मोबदल्यात काही दिलं की ती देणगी राहत नाही.

सर्वांत मोठा गैरसमज नावाबद्दलचा आहे. ‘यूपीआयने आलं म्हणजे दाता कळला’ असं सर्रास धरलं जातं. आयकर कायद्याच्या कलम ११५बीबीसीप्रमाणे दात्याचं नाव आणि पत्ता यांची नोंद नसेल तर ती निनावी देणगी. यूपीआयच्या रिपोर्टमध्ये पत्ता नसतो, आणि नाव असलं तरी पुष्कळदा त्रोटक असतं. केवळ धार्मिक न्यासाला हे कलम लागू नाही. म्हणून मंडळीच्या रविवारच्या अर्पणाला फार चिंता नाही. पिशवीतल्या रोख रकमेसारखीच ‘क्यूआर अर्पण, रविवार दिनांक अमुक’ अशी एकत्रित नोंद चालते.

वसतिगृहाचं तसं नाही. धर्मादाय संस्थेला एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातली जी रक्कम मोठी तेवढ्यापर्यंतच निनावी देणगीची सूट आहे. वरच्या रकमेवर ३० टक्के कर. हिशोब करून पाहा: वर्षाच्या देणग्या १२ लाख, त्यातले ३.५ लाख यूपीआयने आलेले पण पत्त्याविना. १२ लाखांचे ५ टक्के म्हणजे ६०,०००. १ लाख मोठा, म्हणून सूट १ लाखाची. उरलेल्या २.५ लाखांवर ७५,००० रुपये कर आणि त्यावर ४ टक्के उपकर मिळून ७८,०००. मुलींच्या जेवणाचे पैसे असे केवळ पत्ते न लिहिल्यामुळे जातात. (१ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा, २०२५ लागू आहे आणि कलमांचे, फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. इथे लोकांच्या तोंडी बसलेले जुने क्रमांक देतो आहे. चालू वर्षासाठी नवे क्रमांक आणि तरतुदी तुमच्या सीएकडून पडताळून घ्या.)

म्हणून वसतिगृहाच्या क्यूआरसोबत माहिती घेण्याची सोय पहिल्या दिवसापासून हवी. छोटा ऑनलाइन फॉर्म पुरतो: नाव, पत्ता, पॅन, रक्कम, तारीख, १२ आकडी संदर्भ क्रमांक, देणगी कशासाठी. फॉर्मचा क्यूआर पैशांच्या क्यूआरशेजारी छापू नका. लोक चुकीचा स्कॅन करतात, फॉर्म उघडला की गोंधळतात आणि पैसे न देताच मोबाइल खिशात टाकतात. कार्डाच्या पुढच्या बाजूला पैसे, मागच्या बाजूला फॉर्म. नेहमीच्या दात्यांची माहिती एकदाच घेऊन प्रत्येकाला क्रमांक द्या आणि त्यांचे यूपीआय आयडी त्या क्रमांकापुढे लिहून ठेवा. मग दरमहा फक्त नव्या नावांचा माग काढावा लागतो. तोही त्याच आठवड्यात काढा. महिन्याने फोन केला तर दाता म्हणतो, ‘मी दिले होते का?’

८०जीची पावती सगळ्यांना देता येणार नाही. एका विशिष्ट धर्मसमुदायापुरत्या असलेल्या न्यासाला ८०जीची मान्यता मिळत नाही. त्यामुळे दशांशावर करसवलत नाही, हे जाहीर सांगून टाका. वसतिगृहाच्या संस्थेकडे मान्यता असेल तर तिच्या खात्यात थेट आलेल्या देणगीलाच ती लागू. मंडळीकडे देऊन वसतिगृहाची पावती मागणाऱ्याला नम्रपणे नकार द्यायचा. रोख देणगीला २,००० रुपयांच्या वर ८०जी नाही. यूपीआयला ती अडचण नाही, पण म्हणूनच एक खोड लागते: कुणी स्वयंसेवकाला ५,००० रोख देतो, स्वयंसेवक ते खिशात ठेवून स्वतःच्या मोबाइलवरून स्कॅन करतो. बँकेत नाव स्वयंसेवकाचं, पावती मागणारा दुसराच. ही प्रथा पहिल्या दिवशीच मोडून काढा. रोख ती रोख म्हणूनच पावतीवर यायला हवी.

८०जीच्या देणग्यांचं विवरण, म्हणजे फॉर्म १०बीडी, वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत भरायचं असतं. त्यात प्रत्येक दात्याचा पॅन किंवा आधारसारखा ओळख क्रमांक, नाव, पत्ता, देणगीचा प्रकार आणि माध्यम लागतं. ते भरल्यावरच १०बीई प्रमाणपत्र निघतं, आणि दात्याला करसवलतीसाठी तेच लागतं. तुमची छापील पावती नुसती पोच. उशिराला दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि वर १०,००० ते १ लाख दंडाची तरतूद. नवी करप्रणाली निवडलेल्या पगारदारांना ८०जीचा फायदाच नसतो, त्यामुळे ते पॅन द्यायला कंटाळतात. त्यांना करसवलतीचं गाजर दाखवून उपयोग नाही. नाव-पत्ता संस्थेला निनावी देणगीच्या करातून वाचवतो, हे सरळ सांगा. ते बहुतेकांना पटतं.

मस्कत आणि लंडनची उत्तरं वेगळी आहेत. मस्कतमधला भाऊ भारतीय पासपोर्टवर नोकरी करत असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेली देणगी ही परदेशी देणगी नव्हे. पासपोर्टची प्रत मात्र फाइलला ठेवा. लंडनच्या बहिणीने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं असेल तर तिच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी ती एफसीआरएच्या, म्हणजे परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत. तिचे पैसे एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेनेच, आणि तेही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचे. रक्कम लहान आहे म्हणून सूट मिळत नाही. पूर्वी ही सीमारेषा आपोआप सांभाळली जायची, कारण परदेशातून आलेली रक्कम वेगळी ओळखू यायची. आता काही देशांतल्या मोबाइल नंबरवर एनआरई, एनआरओ (परदेशी राहणाऱ्यांची भारतातली) खाती यूपीआयला जोडता येतात. ओसीआयधारकाचे एनआरओ खात्यातले पैसेही तुमच्या क्यूआरवर रुपयांतच, इतरांसारखेच येऊन पडतात. वसई आणि गोव्याच्या चर्चमध्ये हा धोका मोठा. गोव्यात पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेली कुटुंबं सुट्टीला गावी येतात, पूर्वीपासूनचीच आपली माणसं म्हणून पहिल्या बाकावर बसतात आणि स्कॅन करतात. क्यूआर कार्डावर ठळक ओळ छापा: ‘फक्त भारतीय नागरिकांसाठी. परदेशी नागरिक व ओसीआय कार्डधारकांनी कृपया कार्यालयात विचारावे.’ नाताळच्या आठवड्यात ती वाचूनही दाखवा. तरीही अशी रक्कम आलीच तर ती खर्चू नका. त्याच दिवशी सीएला कळवा.

कार्ड कसं करायचं, यातही डोकं लागतं. क्यूआर जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायला हवा त्याच्या साधारण दहावा भाग त्याची रुंदी ठेवावी. शेवटचं बाक १२ मीटरवर असेल तर पडद्यावरचा क्यूआर १.२ मीटर रुंद लागेल, जे शक्य नसतं. म्हणून पडद्याचा नाद सोडा आणि प्रत्येक बाकावर ५ सेंटिमीटरचा क्यूआर असलेलं कार्ड ठेवा. लॅमिनेशन चकचकीत नको, दिव्याखाली चमक येऊन कॅमेऱ्याला दिसत नाही. क्यूआरखाली स्कॅन केल्यावर दिसणारं खातेदाराचं नाव जसंच्या तसं छापा आणि ‘हे नाव दिसलं तरच पैसे द्या’ असं लिहा. ३० जून २०२५पासून ॲपना बँकेत नोंदलेलं नावच दाखवावं लागतं, त्यामुळे ही ओळ खरोखर उपयोगी पडते.

कारण स्टिकर बदलण्याची फसवणूक काल्पनिक नाही. एप्रिल २०२३मध्ये जाकार्तात एकाने अनेक मशिदींच्या दानपेट्यांवर आपले क्यूआर चिकटवले होते, खात्याचं नावही मशीद दुरुस्तीचं वाटावं असं. त्याच महिन्यात केदारनाथ-बद्रीनाथला क्यूआर फलक झळकले आणि मंदिर समितीने पोलिसांत तक्रार केली. नंतर निघालं की एका पेमेंट कंपनीशी २०१८मध्ये करार झाला होता आणि समितीतल्यांनाच त्याचा पत्ता नव्हता. दुसऱ्या प्रकारचा घोटाळा आपल्याकडे जास्त संभवतो. म्हणून प्रत्येक कार्डाला क्रमांक, कुठलं कार्ड कुठे याची वहीत नोंद, आणि उपासनेआधी दोघांनी मिळून चार-पाच कार्डं स्कॅन करून नाव बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

‘चुकून ५०,००० गेले, परत करा’ असा फोन आला की आधी बँकेचा उतारा बघा, दाखवलेला स्क्रीनशॉट नव्हे. रक्कम खरोखर आली असेल तर ती ज्या खात्यातून आली तिथेच, बँकेच्या परतावा मार्गाने जाईल. दुसऱ्या नंबरवर कधीच नाही. फसवणुकीतले पैसे अशा फेऱ्यातून फिरवले जातात, आणि मूळ पीडिताने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली की ज्या ज्या खात्यातून पैसे गेले ती गोठवली जाऊ शकतात. यासाठीच क्यूआरचं खातं वेगळं ठेवा आणि दर आठवड्याला शिल्लक मुख्य खात्यात वळवा. वसतिगृहाचे पगार आणि किराणा ज्या खात्यातून जातो, ते अनोळखी माणसाच्या स्कॅनमुळे बंद पडू नये.

‘माझे कापले गेले, पण तुम्हाला आले नाहीत’ ही तक्रार दर रविवारी एखादी असतेच. व्यापारी क्यूआरवर अडकलेली रक्कम व्यवहारानंतर ५ दिवसांत आपोआप परत जायला हवी, नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दात्याला लगेच दुसऱ्यांदा द्यायला लावू नका आणि पैसे दिसल्याशिवाय पावतीही फाडू नका. मोठी रक्कम द्यायची असेल तर यूपीआयची सर्वसाधारण दैनंदिन मर्यादा १ लाखाची आहे. इमारत निधीच्या मोठ्या दात्यांना एनईएफटी किंवा धनादेश सांगा.

जुळवणी दरमहा करा, वर्षाने नव्हे. व्यापारी क्यूआरचे पैसे अनेकदा दुसऱ्या कामकाजी दिवशी एकगठ्ठा जमा होतात. पासबुकात १८,४५० ही एकच ओळ, रिपोर्टमध्ये त्यामागचे ६१ व्यवहार. हा रिपोर्ट दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत उतरवून, छापून, दोघांच्या सह्यांनी फाइलला लावा. ॲपमध्ये जुना तपशील कायम राहील या भरवशावर राहू नका. वर्षअखेरीला विशेष सांभाळा. २०२४मध्ये ईस्टर नेमका ३१ मार्चला, रविवारी आला. त्या दिवशीचं अर्पण पुढच्या आठवड्यात एकगठ्ठा जमा झालं असेल तर पासबुकाप्रमाणे ते २०२४-२५चं दिसतं. प्रत्यक्षात दात्याने दिलं २०२३-२४मध्ये. अशी रक्कम ३१ मार्चच्या ताळेबंदात ‘येणे’ म्हणून दाखवावी आणि पावतीवर दात्याच्या व्यवहाराची तारीख घालावी. नाही तर दात्याचं विवरणपत्र एक वर्ष सांगतं आणि तुमचा फॉर्म दुसरं.

शेवटी सिमकार्ड. क्यूआरला जोडलेला नंबर संस्थेच्या नावाचा घ्या, हँडसेट कार्यालयाच्या कपाटात ठेवा आणि रिचार्जची तारीख वहीत लिहा. नंबर बंद पडून दुसऱ्याला दिला गेला की बँकेला तो यूपीआयमधून काढावा लागतो, आणि क्यूआर ऐन सणात बंद पडतो. खजिनदार बदलताना सिम, व्यापारी ॲपचा पासवर्ड, कार्डांची वही, दात्यांची यादी आणि शेवटची जुळवणी या गोष्टी यादी करून, सही घेऊन हवाली करा. त्याच आठवड्यात बँकेत नव्या नावाचा ठराव द्या. फेरफार अर्जाचे ९० दिवस तेव्हापासूनच मोजायला लागा.